पहिल्या दिवसाचा भाव

४ मार्च

मामा,

आधी नमस्कार, मग बातमी, मग भांडण. ह्याच क्रमाने लिहिते, म्हणजे निदान बातमीपर्यंत तरी तुम्ही शांतपणे वाचाल.

बातमी अशी की बाई कारखाना विकतायत. काल दुपारी भिंग घासायचं यंत्र बंद करून त्यांनी मला समोर बसवलं आणि म्हणाल्या, "माझे हात थरथरतात आता. तीस सप्टेंबरपर्यंत घेतलास तर तुझा. नाहीतर ते नऊ दुकानांचे मालक दारात उभेच आहेत." बारा लाख सांगितले. यंत्रं, जागेचा करार, जुनी गिऱ्हाइकं, सगळं धरून. मामा, चौदा वर्षं मी त्या खिडकीशी बसून लोकांच्या चष्म्यांची भिंगं घासली. ती खिडकी दुसऱ्याची झाली तर मी कुठे बसू, हेच मला सुचत नाहीये.

माझ्याकडे आठ आहेत. चार कमी.

आता भांडण. पुढच्या आठवड्यात एका कंपनीचा आयपीओ येतोय, म्हणजे ती पहिल्यांदाच शेअर बाजारात उतरतेय. फोनवर डोळे तपासणारी कंपनी. माणूस घरबसल्या फोनपुढे डोळे मिचकावतो, त्याचा नंबर निघतो आणि भिंगाची ऑर्डर आमच्यासारख्या कारखान्याकडे येते. त्यांच्या रोज तीसेक ऑर्डरी मी स्वतः करते. म्हणजे मी काही परक्या धंद्यात उडी मारत नाहीये. शंभराला एक शेअर आहे आणि जो तो म्हणतोय, पहिल्याच दिवशी दुप्पट. मी दुप्पट मागत नाही. सहा महिन्यांत दीडपट पुरे. आठाचे बारा झाले की मी बाहेर. मी काही हावरट नाही.

तुमचे कान चालत असते तर फोनवरच भांडले असते. खालच्या मजल्यावरच्या शिंप्याच्या फोनवर निरोप ठेवायचा, तर घरातलं सगळं त्याच्या गिऱ्हाइकांना कळणार. तेव्हा टपाल.

तुमची
चिमटी

१० मार्च

चिमटे,

"हावरट नाही" हे तू दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलंयस. कागदाच्या मागच्या बाजूने दिसतं.

मी छत्तीस वर्षं दुकानदारांचे तराजू तपासले. मुद्दाम खोटं वजन ठेवणारे फार थोडे भेटले. बहुतेकांचा काटा मुळात शून्यावरच नसायचा आणि त्यांना त्याचा पत्ता नसायचा. म्हणून पहिलं हे विचारतो: पहिल्या दिवशी दुप्पट म्हणतात ते कुठून मोजून? शंभरापासून. आणि शंभराला शेअर मिळतो कोणाला? शिंपी स्वतः दोनदा ह्यात पडलाय. तो सांगतो, मागणी उसळली की आठ लाखांचा अर्ज करणाऱ्याला पंधरा हजारांचे शेअर लागतात, बाकीचे पैसे परत. मग तो माणूस उरलेल्या पैशांनी उघड्या बाजारात घेतो. त्याच दिवशी, फुगलेल्या भावाला. दुप्पट झाली ती दुसऱ्याची. त्याचं शून्य दोनशेवर.

वाचनालयातून कंपनीचं माहितीपत्रक छापून आणलं. चारशे अकरा पानं. वाचनालयाच्या बाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी कंपनीच विकत घेतोय. आजवर एकाही वर्षी नफा नाही. पान दोनशे तीसवर, परत आलेल्या चष्म्यांचा खर्च दरवर्षी वाढतोय. तुमच्याकडे परत किती येतात? आणि जुन्या भागीदारांना सहा महिने शेअर विकायला बंदी आहे. ती एकोणीस सप्टेंबरच्या सुमारास उठेल. त्यांना तो शेअर पाच-दहाला पडलाय. दार उघडलं की ते विकणार, आणि तुला पैसे लागणार बरोबर अकरा दिवसांनी.

राहिली तुझी दीडपट. माझ्या बँकेतल्या शंभराला वर्षाचे सात मिळतात. जुन्या, धट्ट्याकट्ट्या कंपन्यांचे शेअर घेऊन पंधरा-वीस वर्षं मुकाट बसलेल्यांना सरासरी वर्षाला बारा सुटले तर ते खुशीत असतात, आणि मधली वाईट वर्षं त्यांनी दातओठ खाऊन काढलेली असतात. तुला सहा महिन्यांत पन्नास हवेत, तेही अजून एक पैसा न कमावलेल्या कंपनीकडून. असं कधी घडत नाही असं मी म्हणत नाही. घडेल असं धरून कारखाना घेता येत नाही, एवढंच म्हणतो.

बाईंना विचारलंस का? आठ आता, चार हप्त्याने.

तू सात वर्षांची असताना माझ्या पेटीतली मिलिग्रॅमची वजनं चिमट्याने उचलायचीस, म्हणून तुझं हे नाव पडलं. मी विचारायचो, "काटा कुठे?" तू एका शब्दात सांगायचीस आणि मी न बघता वहीत लिहायचो. खात्याचा नियम तीनदा तोलायचा होता. तुझं मी एकदाच लिहिलं, आणि ते कधी चुकलं नाही. आता तुझाच काटा हललाय असं मला वाटतं.

मामा

२० मार्च

मामा,

तुमचं पत्र अर्ज भरल्यावर पोचलं. आधी पोचलं असतं तरी मी भरलाच असता, तेव्हा टपालखात्याला बोल लावू नका.

काल तो बाजारात उतरला. मी फोन भिंगांच्या ट्रेला टेकवून ठेवला होता. बाई म्हणाल्या, "आज ट्रेमध्ये काय ठेवलंयस, देव?" दहा वाजता एकशे अठ्ठ्याहत्तरला उघडला. माझ्या हातातलं भिंग तसंच राहिलं, चाक फिरतंय, पाणी उडतंय आणि मी आकडा बघतेय. दुपारी एकशे ब्याण्णव. बंद होताना एकशे शहाण्णव. शंभराचे एकशे शहाण्णव, मामा, एका दिवसात! तुमची ती चारशे अकरा पानं आता वाचनालयाला परत करा.

परत येतात थोडे चष्मे. कुठल्या धंद्यात येत नाहीत? आणि हप्त्याचं मी बाईंना विचारणार नाही. चौदा वर्षं त्यांच्याकडून पगार घेतला, आता दया मागू? मी पूर्ण पैसे टेबलावर ठेवणार आणि किल्ली उचलणार.

चिमटी

२६ मार्च

चिमटे,

शंभराचे एकशे शहाण्णव शेअरचे झाले. तुझे किती झाले ते पत्रात कुठेही नाही. दोनदा वाचलं, नंतर भिंग घेऊन वाचलं.

तू कितीला घेतलेस? एका ओळीत उत्तर दे.

मामा

२ एप्रिल

मामा,

शंभराला, सगळे.

झालं समाधान? आता दुसरं लिहिते. बाईंनी मला नंबर तपासायच्या खोलीची किल्ली दिली. म्हणाल्या, "सवय कर." जुन्या गिऱ्हाइकांची कार्डं त्या खोलीत चार लाकडी खणांत आहेत. एका आजोबांचं कार्ड एकोणचाळीस वर्षांचं आहे. मी सगळी पुसून पुन्हा लावली. आता तो कारखाना माझा झाला नाही तर माझा श्वास कोंडेल, इतकं मनात बसलंय.

वृद्धनिवासातल्या खोलीचं काय झालं? तुमची नऊ लाखांची अनामत तयार आहे ना? बागेकडची खोली मागा, रस्त्याकडची नको. तुम्हाला आवाज ऐकू येत नाही, पण धूळ तर येईल.

चिमटी

९ एप्रिल

चिमटे,

ती एक ओळ वाचली आणि आरामखुर्चीत जाऊन बसलो. आठ लाखांचे आठ हजार शेअर, एकशे शहाण्णवने पंधरा लाख अडुसष्ट हजार. मी चुकलो. छत्तीस वर्षांत हे वाक्य मी फार वेळा लिहिलेलं नाही, तेव्हा जपून ठेव. नशीबही कधी कधी अख्खं लागतं म्हणायचं.

आता विक. आजच. सगळे नको तर बारा लाखांचे विक आणि बाईंच्या टेबलावर ठेव. ज्यासाठी घेतलेस ते झालं. उरलेले खुशाल ठेव आणि हवेत इमले बांध, मी अडवणार नाही.

विकल्याचं कळव.

मामा

२४ एप्रिल

मामा,

इतकी घाई काय आहे? दोनशे सात झालाय. बाई सप्टेंबरपर्यंत थांबणारच आहेत. मी विचार करतेय की नुसता कारखाना घेऊन काय होणार? ते घासायचं यंत्र माझ्यापेक्षा म्हातारं. नवं यंत्र सात लाखांचं आहे. शेअर दोनशे साठला गेला की कारखाना, यंत्र आणि वर थोडे शिल्लक. मी हिशोब करून ठेवलाय. कंपनी तीन नव्या शहरांत जातेय. आमच्याकडच्या ऑर्डरी तिसाच्या चाळीस झाल्या, हे तर मी डोळ्यांनी बघतेय. मी आतली माणूस आहे, मामा. बाहेरच्यांना जे वर्षभराने कळेल ते मला माझ्या ट्रेमध्ये दिसतं.

दोनशे साठला विकते. नक्की.

चिमटी

१६ मे

चिमटे,

तुझा हिशोब मी वहीत उतरवून काढला. यंत्राचे सात धरलेस, पण ते बसवायचा खर्च आणि जागेची दुरुस्ती धरली नाहीस. त्याला अडीचेक तरी लागतील. असो. त्याची काळजी तू करू नकोस.

निवासवाल्यांना सांगितलं, ऑक्टोबरपर्यंत थांबा. बागेकडची खोली त्यांनी राखून ठेवलीय. घाई नाही.

दिवसातून तीनदा खाली शिंप्याकडे जातो. त्याला वाटतं, मला त्याच्या चहाची चटक लागली. कंपनीचे तिमाही निकाल बावीस जुलैला आहेत ना? तुझ्या ट्रेमध्ये सध्या किती ऑर्डरी?

मामा

२८ जून

मामा,

एकशे एकाहत्तर. रोज थोडा थोडा उतरतोय. तज्ज्ञ म्हणतायत तात्पुरतं आहे, चढलेला भाव दम खातोय. मीही तेच म्हणते.

तुम्ही एवढी चौकशी का करताय? तुम्हाला ह्यात काही कळत नाही, आणि बरंच आहे. चहा घरी प्या.

ह्या आठवड्यात मी दोन भिंगं फोडली. एक एका गाडी चालवणाऱ्याचं, उणे सहाचं. तो माणूस तीन दिवस जुन्या चष्म्यावर काढतोय आणि मला सारखा तोच दिसतो. बाईंनी फोन ट्रेमधून काढून कपाटात ठेवला. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. ते नऊ दुकानांचे मालक काल येऊन जागा मोजून गेले. टेप लावून, भिंतीपासून भिंतीपर्यंत, मी बसलेली असताना माझ्या पाठीमागून.

चिमटी

२४ जुलै

चिमटे,

निकाल आले. तोटा दुप्पट, आणि कारण छापलंय ते परत आलेले चष्मे. पान दोनशे तीस. काल एकशे अठ्ठावीसवर बंद झाला.

तू घाबरू नकोस. तुझं शून्य शंभरावर आहे. अजूनही आठाचे सव्वादहा होतात. आता विकून बाईंकडे जा आणि उरलेल्या पावणेदोनाचं स्पष्ट बोल. लाज वाटायचं कारण नाही.

मला काळजी वाटते ती ज्यांनी वरच्या भावाला घेतले त्यांची. इथे एक ओळखीचा म्हातारा आहे. त्याने मे महिन्यात सहा लाख घातले, दोनशे अकराला. मी विचारलं, बाबा रे, ह्या वयात कशाला? म्हणाला, एका जवळच्या माणसाला अडीच लाख गुपचूप द्यायचे होते, आणि त्याच माणसाने शंभराचे दोनशे करून दाखवले होते. मी विचारलं, तपासलं होतंस? तर म्हणतो, त्या माणसाचं वजन मी आयुष्यात कधी दुसऱ्यांदा तोललं नाही.

त्याला काय सांगू ते कळत नाही. तू आतली माणूस आहेस. तूच सांग.

मामा

३१ जुलै

मामा,

तो म्हातारा तुम्ही आहात.

ऐका. मी खोटं लिहिलं. आठ लाखांचा अर्ज केला आणि मला एक लॉट लागला. दीडशे शेअर, शंभराला. पंधरा हजार. तुमच्या शिंप्याने सांगितलेला आकडा, तंतोतंत. बाकीचे सात लाख पंच्याऐंशी हजार मी पहिल्या दिवशी दुपारी घातले, एकशे ब्याण्णवला, ओल्या हातांनी. तुम्ही दहा मार्चला जे लिहिलं होतंत ते मी नऊ दिवसांनी अक्षरशः करून दाखवलं. दुप्पट झाली ती दुसऱ्यांची झाली. माझी कधी झालीच नाही. दोनशे सातला तुम्ही "विक" म्हणून ओरडत होतात आणि माझ्याकडे विकून मिळण्यासारखं शेकडा नऊ-दहाच होतं, आणि ते तुम्हाला सांगायचं तर आधीचं खोटं कबूल करायला लागणार होतं. म्हणून दोनशे साठ. म्हणून नवं यंत्र. ते यंत्र मला नकोच होतं, मामा. तुम्ही "विक" म्हणालात आणि मला न विकायचं कारण लागत होतं.

का खोटं बोलले? तुम्ही बरोबर निघालात हे मला सहन झालं नाही. आणि वाटलं, चार-सहा आठवड्यांत भाव वर गेला की खोटं आपोआप खरं होईल.

परत आलेल्या चष्म्यांचा खोका माझ्या पायाशीच असतो. पाचातला एक परत येतो. त्याला पाय अडकून मी दोनदा पडले, आणि तरीही "आतली माणूस" म्हणून मिरवत होते.

मी आज सगळे विकले, एकशे चोवीसला. सव्वापाच लाख हातात आहेत. तुम्ही उद्याच्या उद्या विका. एकोणीस सप्टेंबरची वाट बघू नका, तारीख तुम्हीच मला सांगितली होती. खरेदीची आणि विक्रीची पावती सोबत जोडतेय. माझ्या शब्दावर काही करू नका.

तुम्ही माझ्यासाठी घातलेत ना ते पैसे. मला मार मारा.

चिमटी

७ ऑगस्ट

चिमटे,

पावत्या तीनदा वाचल्या. काल सगळे विकले, एकशे अठरा. सहाचे तीन लाख पस्तीस हजार राहिले. बँकेतले तीन धरून सहा पस्तीस. निवासाला नऊ लागतात.

मी रागावलोय, फार रागावलोय. पैसे गेले ह्याचा राग दोन दिवसांत उतरेल, मला माझा स्वभाव माहीत आहे. एक ओळ मागितली होती आणि त्या एका ओळीत तू खोटं वजन घातलंस, हा राग कधी उतरेल ते सांगता येत नाही. अख्खं खोटं पत्र लिहिलं असतंस तर मी सावध झालो असतो. एका ओळीला मी फसणार हे तुला माहीत होतं, म्हणून तेवढीच ओळ लिहिलीस.

आता माझं. कोणा अनोळखी दुकानदाराने "शंभराला" म्हटलं असतं तर मी पावती मागितली असती. तुझ्याकडे मागितली नाही. मागायला हात कचरला. म्हणे नशीब अख्खं लागलं! आठ लाखांच्या अर्जाला किती लागतात हे मीच तुला लिहिलं होतं, मग सगळे कसे लागले हे मला सुचू नये? सुचलं होतं, चिमटे. नऊ एप्रिलला खुर्चीत बसताना सुचलं होतं. मी ते बाजूला सारलं, कारण तुझा कारखाना झाला ह्यात मला फार आनंद होता. आणि पुढे वाटलं, पोरीला जमलं, मग मलाही थोडं जमेल. थोडं. अडीच लाख फक्त. मीही हावरट नव्हतो.

आता बाईंकडे जा. सगळं सांग, आकड्यांसकट. मला पुढचं पत्र त्यानंतरच लिही.

मामा

२४ सप्टेंबर

मामा,

गेले. आठ ऑगस्टला तुमचं पत्र यायच्या आधीच गेले होते, पण दारातून परत आले. पत्र आल्यावर पुन्हा गेले. तुम्हाला लिहायला मात्र आजचा दिवस उजाडला, कारण बाई जे बोलल्या ते कागदावर उतरवणं मला जमत नव्हतं.

त्या चष्म्याच्या काड्या तपासत होत्या. मी सगळं सांगितलं, शेअरसकट, खोट्यासकट, तुमच्यासकट. त्यांनी एकदाही वर बघितलं नाही. मग विचारलं, "मार्चमध्ये तुझ्याकडे किती होते?" म्हटलं, आठ. म्हणाल्या, "मी बारा सांगितले म्हणजे तू घासाघीस करशील असं धरून सांगितले होते. तू आठ घेऊन आली असतीस आणि चार मागाहून देते म्हणाली असतीस, तर त्या दिवशी किल्ली दिली असती. मी वाट बघत होते. चार महिने मला वाटत होतं आज विचारेल, उद्या विचारेल. तू ट्रेमध्ये बघत बसलीस."

मी म्हटलं, आता सव्वापाच आहेत. म्हणाल्या, "आता मी त्या नऊ दुकानवाल्यांना शब्द दिला. सप्टेंबरपर्यंत थांबते म्हटलं होतं खरं, पण तुझं मन इथे उरलं नाही असं वाटलं. जूनअखेर. तू ती भिंगं फोडलीस त्या आठवड्यात."

मामा, मला चार लाखांचा नफा मिळवायचा होता, आणि त्या नफ्याची गरजच नव्हती. एक वाक्य विचारायचं होतं. ते तुम्ही लिहूनही पाठवलं होतंत.

कारखाना एक ऑक्टोबरपासून त्यांचा. लाकडी खण काल त्यांच्या दुकानी जायला टेम्पोत चढले. त्या आजोबांचं कार्ड मी काढून घेतलंय, चोरी म्हणा.

शेअर आज एकाहत्तरला आहे. एकोणीस तारखेला बंदी उठली आणि तीन दिवसांत इतका खाली आला. शंभराला घेणारेसुद्धा आता तोट्यात. तुम्ही विकलेत ते बरं झालं. तुमच्याकडे ठेवले असतेत तर अजून सव्वा लाखाच्या वर गेले असते, हाच माझ्या खऱ्या पत्राचा काय तो नफा.

सोबत निवासाच्या कचेरीची पावती आहे. दोन लाख पासष्ट हजार, तुमच्या नावावर. तुमचे सहा पस्तीस धरून नऊ पुरे होतात. भांडू नका. त्यांना मी सांगितलंय की हे पैसे परत माझ्या नावाने घेणार नाही, आणि तिथली कारकूनबाई तुमच्यापेक्षा खमकी आहे. खोली बागेकडचीच आहे, मी जाऊन बघितली. पलंग खिडकीशी लावून घेतलाय.

उरलेल्यातून बाईंचं जुनं यंत्र घेतलं, दीड लाखाला. नव्या मालकांना ते नकोच होतं. औषधांच्या दुकानाशेजारी एक चिंचोळा गाळा मिळालाय, माझे हात पसरले की दोन्ही भिंती लागतात. खिडकी आहे. अजून एकही गिऱ्हाईक नाही. फोन गल्ल्याच्या खणात ठेवते.

तुमचा राग उतरला का, हे विचारायचं धाडस नाही. विचारत नाही.

चिमटी

६ ऑक्टोबर

चिमटे,

कारकूनबाई खमकी आहे हे खरं. मी तुझे पैसे परत मागायला गेलो तर तिने खिडकी लावून घेतली. ऐकू येत नसल्यामुळे ती आतून काय म्हणाली ते कळलं नाही.

खोलीत आलो. पलंग एक वीत सरकवला, उन्हाची तिरीप डोळ्यावर येत होती. शिंपी सामान पोचवायला आला आणि रडला. त्याला माझ्या चहाच्या गिऱ्हाइकीची सवय झाली होती.

राग विचारत नाहीस, तरी सांगतो. पुष्कळसा उतरला. थोडा राहू दिलाय, तुझ्या आणि माझ्या दोघांच्या उपयोगी पडेल.

तू विचारलं नाहीस ते आणखी एक सांगतो. त्या गाळ्यातून पहिलं वर्ष नफा धरू नकोस. भाडं सुटलं तर चांगलं, तुझं जेवण सुटलं तर फारच चांगलं. दुसऱ्या वर्षी शंभराला दहा-बारा सुटायला लागले की मला कळव, मी शिंप्याला बोलावून चहा पाजीन. जुन्या यंत्रातून, माणसागणिक, दगडावर पाणी सोडत जे निघेल तेवढंच तुझं. ते कमी वाटेल तेव्हा माझं दहा मार्चचं पत्र काढून वाच.

शेजारच्या खोलीत एक निवृत्त मास्तर आहेत. त्यांचा चष्मा त्या फोनवाल्या कंपनीकडून आलेला आहे आणि त्यातून त्यांना जिना दोनदा दिसतो. त्यांना काल इथल्या डॉक्टरांकडे नेऊन नंबर काढून घेतला. चिठ्ठी सोबत आहे. उजवा उणे सव्वादोन, डावा उणे पावणेतीन. फ्रेम जुनीच चालेल, ती वेगळ्या टपालाने येतेय.

कितीला करशील ते कळव. एका ओळीत. मास्तरांना पावती लागते, आणि ह्या वेळी ती मीही बघणार आहे.

मामा